भिंतीची ओल आणि अकरा महिन्यांचा करार

ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांत आषाढ लागला की ज्या बिऱ्हाडांच्या पश्चिमेकडील भिंतींवर प्रथम पिवळट डाग उमटतो, मग रंगाचे पोपडे सुटतात आणि श्रावणापर्यंत कपाटामागे काळपट बुरशीची लव धरते, तेथील रहिवाशांना ही गोष्ट प्रारब्धातली वाटते. वस्तुतः ती बव्हंशी दुरुस्तीची, म्हणूनच कायद्याचीही बाब आहे.

बुरशीला ओलीवाचून फारसे काही लागत नाही, कारण लाकूड, कागद, धूळ हे तिचे अन्न प्रत्येक घरात सिद्धच असते. तिचे बीजाणू श्वासावाटे आत गेले की दमेकऱ्याची धाप वाढते; जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती याचसाठी. खिडक्या उघड्या ठेवा, हा उपदेश रास्तच. परंतु डोंबिवलीच्या ज्या औद्योगिक परिसरात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याचे वृत्त गाजले, तेथे रसायनांचा दर्प सुटताच खिडक्या लावून घेणाऱ्या गृहिणीला तो कोणत्या तोंडाने करावा? दोरीवरच्या ओल्या कपड्यांचा दमटपणा आणि कुकरची वाफ मग त्या खोलीतच कोंडून राहते. अशा वेळी घरमालक ओल्या भिंतीवरच रंगाचा हात फिरवून मोकळा होतो, आणि पुढल्या पावसात बुरशी त्या रंगातूनच डोके काढते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे; किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने कसूर केल्यास भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र ती वजावट वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नसावी, अशी तजवीज त्यात आहे. जुन्या चाळीतील पागडीच्या भाडेकरूस हे हत्यार उपलब्ध आहे. परंतु आज अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा इसम या कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हेच. मुदत संपताच त्यास बाहेर काढण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याचा जलद मार्ग आहे, ओलीविरुद्ध त्या इसमाला मात्र कलम १४ चा आधार नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे बुरशीमुळे दोन वर्षांचे मूल दगावल्यावर सामाजिक घरांसाठी दुरुस्तीच्या मुदती ठरवणारा कायदा झाला. आपल्याकडे ती मुदत ज्याची त्याने करारातच लिहून घ्यावयाची.

गच्चीतून वा बाहेरील नळांतून झिरपणारे पाणी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेने थांबवायचे असते, शौचालयाची किंवा मोरीच्या नळाची गळती संबंधित सदनिकाधारकाने; करारावर राहणारा इसम संस्थेचा सभासद नसल्यामुळे अर्ज मालकाच्या सहीनेच जावा लागतो, आणि मालक पुण्यात असला की तो अर्ज जातच नाही. म्हणून कब्जा घेण्यापूर्वी भिंतींची छायाचित्रे काढून ठेवावीत, करार नोंदणीकृत असल्याची खात्री करावी (ती जबाबदारी त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे), आणि गळतीची लेखी तक्रार मिळाल्यापासून किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने दुरुस्ती होईल, हे त्याच दस्तात घालून घ्यावे. असली अट कोणी घालीत नाही, असे दलाल म्हणेल; महिन्याभराचे भाडे दलाली म्हणून घेणाऱ्याने तेवढ्या दोन ओळी लिहून द्यावयास हरकत नसावी.