मुंबईचा एक दिवस मुलांसाठी: निफाडहून जाणाऱ्या कुटुंबांनी काय बघावं, कुठे जेवावं?

गेल्या वर्षी सहावीच्या वर्गाला 'मी पाहिलेले मोठे शहर' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं होतं: "मी मुंबईला तीन वेळा गेले. तिन्ही वेळा दवाखान्यात. दादीजानचं ऑपरेशन होतं. मी आणि भाऊ जिन्यावर बसून वडापाव खाल्ला. मुंबई खूप मोठी आहे असं अब्बू म्हणतात." निबंध तिथेच संपला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, पण मार्क देताना माझा हात थांबला.

आपल्या तालुक्यातली बरीच कुटुंबं मुंबईला जातात ती कामासाठीच. कुणाचा दवाखाना, कुणाची लग्नाची खरेदी, कुणाला उमराहला जाणाऱ्यांना विमानतळावर सोडायचं असतं. मुलं सोबत असतात, पण दिवस त्यांचा नसतो. "एक दिवस खास मुलांसाठी जाऊ या" म्हटलं की घरातून चार प्रश्न येतात. खर्च किती? जेवण हलाल मिळेल का? बायकांना नीट बसायला जागा असेल का? नमाजचं काय? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं अवघड नाहीत, म्हणून हा लेख.

आधी वाट ठरवा

मनमाडहून सुटणारी पंचवटी एक्सप्रेस निफाडला थांबते. सकाळी जाते आणि संध्याकाळी सहानंतर मुंबईहून परत निघते, म्हणजे लॉजचा खर्च वाचतो. वेळ बदलत असते, ती निघण्याआधी बघून घ्यावी. पाच वर्षांखालच्या मुलासाठी वेगळी सीट घेतली नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र सीट हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. हे आधीच हिशोबात धरा, म्हणजे ऐनवेळी टीसीशी वाद होत नाही.

मुंबईत गेल्यावर आपली चूक एकच होते. सकाळी गेट वे, दुपारी जुहू, संध्याकाळी मॉल असा बेत आखतो, आणि निम्मा दिवस टॅक्सीत जातो. लहान मुलं दमतात, मग रडतात, मग मार खातात. त्यापेक्षा एकच सरळ रेघ धरा. दादरला उतरा, स्लो लोकलने भायखळ्याला या आणि तिथून हळूहळू सीएसएमटीकडे सरकत जा. म्हणजे दिवस संपेल तेव्हा परतीचं स्टेशन समोर असेल.

सकाळ: राणीबाग

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, चालत जाण्याच्या अंतरावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक त्याला राणीबागच म्हणतात. बाग पन्नास एकरांहून मोठी आहे आणि झाडं जुनी असल्याने उन्हाळ्यातही सावली असते. इथले हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, आणि २०१७ पासून ते सगळ्यांना बघता येतात. काचेमागे पोहणारा पेंग्विन बघून लहान मूल जे ओरडतं, ते मोबाइलवर व्हिडिओ बघून ओरडत नाही.

२०१७ मध्ये ठरलेल्या दरानुसार मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये तिकीट आहे. जाण्याआधी दर बघून घ्या. चार जणांच्या कुटुंबाचा अर्धा दिवस एवढ्यात होतो. मॉलमधल्या गेम झोनमध्ये एवढे पैसे किती मिनिटांत संपतात ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. फक्त एक ध्यानात ठेवा: राणीबाग बुधवारी बंद असते.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. तेही बुधवारी बंद असतं. मुंबईतले निरनिराळे समाज आणि धंदे दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती इथे आहेत. मुलांना सांगा, "यातले आपल्यासारखे लोक शोधून दाखव." संग्रहालयाजवळ दगडी हत्ती आहे. घारापुरी बेटावरचा हा हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो तुटला. पुढे त्याचे तुकडे जोडून तो उभा केला गेला. घारापुरीच्या लेण्यांना 'एलिफंटा' हे नाव याच हत्तीमुळे पडलं. इतिहासाच्या तासाला मी हे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते तो हत्ती एकदा बघितल्यावर होतं.

दुपार: जेवण

'फॅमिली रेस्टॉरंट' ही पाटी बघून हुरळून जाऊ नका. आपल्या हायवेवरसुद्धा 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' लिहिलेलं असतं, आणि आत गेल्यावर कळतं की फॅमिली फक्त पाटीवरच आहे. खरं फॅमिली हॉटेल ओळखायला तीन गोष्टी बघा. आत इतर बायका-मुलं बसली आहेत का? हात धुवायची जागा आणि बायकांचं टॉयलेट स्वच्छ आहे का? आणि लहान मुलाला चालेल असं कमी तिखट काही मिळतं का?

भायखळ्याहून टॅक्सीने किंवा बसने थोडं पुढे आलं की भेंडी बाजार लागतो. इथे हलालचा प्रश्न सोपा होतो. नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध असलेलं नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ पासून आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी या हॉटेलला आपलं चित्र भेट दिलं होतं. शालिमारही याच भागात आहे. आत शिरताना "फॅमिलीसाठी बसायला कुठे?" एवढं विचारा. बऱ्याच हॉटेलांत वरच्या मजल्यावर किंवा आतल्या बाजूला वेगळी जागा ठेवलेली असते. हा रिवाज नवा नाही. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतही पडदा लावलेली फॅमिली रूम असायची, त्यामुळे बायकांना निवांत बसून चहा पिता येई. आपल्या घरातली बाई रोज सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. त्या दिवशी तिच्या ताटात आधी वाढलं जाऊ द्या. तीही मुलांइतकीच फिरायला आली आहे.

मेनूत 'बडे का' लिहिलं असेल तर ते म्हशीवर्गातलं मटण. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैल दोन्हींच्या कत्तलीवर बंदी आहे. काही शंका असेल तर ऑर्डरच्या आधी विचारा, त्यात लाजायचं काही नाही. मोठ्या चेन हॉटेलात जाणार असाल तर मॅनेजरकडे हलाल सर्टिफिकेट मागा. भिंतीवरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर म्हणजे खाद्यपदार्थांच्या धंद्याचा सरकारी परवाना, त्याचा हलालशी संबंध नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही बघायच्या असतात. काहीच खात्रीचं दिसलं नाही तर सरळ उडपी हॉटेलात डोसा खा. मुलं उलट खूश होतात.

बिल आलं की वाचा. साध्या रेस्टॉरंटमध्ये, एसी असो वा नसो, जीएसटी ५ टक्के असतो. 'सर्व्हिस चार्ज' मात्र सरकारी कर नाही. जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार तो बिलात परस्पर लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही या सूचना कायम ठेवल्या. "हा काढून द्या" असं नम्रपणे सांगा. मुलांसमोर सांगा, तीही शिकतील.

नमाज आणि संध्याकाळ

भेंडी बाजारातून मोहम्मद अली रोडने चालत निघालं की वाटेत मिनारा मशीद लागते. जवळच १९३६ पासूनचं सुलेमान उस्मान मिठाईवाला आहे. मालपोवा मोठ्यांसाठी, फिरनी लहानांसाठी. रमजानच्या रात्री इथली रोषणाई बघण्यासारखी असते, पण तान्ही मुलं सोबत असतील तर ती गर्दी झेपत नाही.

पुढे क्रॉफर्ड मार्केटजवळ जुमा मशीद आहे. ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. वुजूच्या त्या पाण्यात मासे आहेत, आणि मुलांना तिथून उठवणं कठीण जातं. बायकांच्या नमाजची सोय प्रत्येक मशिदीत नसते, म्हणून आधी चौकशी करा. क्रॉफर्ड मार्केटसमोर १९०५ पासूनचं बादशाह आहे, तिथे फालुदा घ्या. तिथून सीएसएमटी चालत जाता येतं.

गर्दीत शिरण्याआधी प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा. मूल चुकलंच तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे, आणि रेल्वेत १३९.

बुधवार असेल तर

सीएसएमटीलाच उतरा आणि भुयारी मेट्रो ३ पकडा. ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो दक्षिण मुंबईत कफ परेडपर्यंत धावते, आणि वाटेत 'सायन्स सेंटर' नावाचं स्टेशनच आहे. जमिनीखालून जाणारी गाडी हीच मुलांना अर्धी मजा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून सुरू आहे. तिथे 'हात लावू नका' असं कुणी म्हणत नाही, उलट बटणं दाबून, चाकं फिरवून बघायचं असतं. तिथून हाजी अली दर्गा जवळ आहे. भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा. मुलांना हेही विज्ञानच आहे, समजावून सांगा.

शेवटी त्या मुलीचं सांगते. तिच्या दादीची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे, आणि तारीख नेमकी बुधवारची मिळाली आहे. तिच्या अब्बूंनी विचारलं, "मॅडम, मग काय करायचं?" मी हा दुसरा बेत कागदावर लिहून दिला. दादीजवळ अम्मी थांबेल, अब्बू दोन्ही मुलांना घेऊन जातील. त्यांना एकच विनंती केली आहे: पुढच्या वेळी दादी बरी झाली की बुधवार सोडून जा, आणि अम्मीलाही सोबत न्या.