निषेधाचा नाद : रस्त्यावरील ब्रास बँड आणि राजकीय कृती

निषेध म्हटला की घोषणा, फलक व निवेदने डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस जागतिकीकरणविरोधी चळवळीने त्यात वाजंत्र्यांची भर घातली. या बँडचे राजकारण गीताच्या आशयात शोधणे व्यर्थ होय, कारण त्यांचे बरेचसे वादन शब्दविरहित असते. ते राजकारण वादनाच्या पद्धतीत सामावलेले असते.

३० नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे निदर्शकांनी चौक अडविल्याने जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेचा उद्घाटन सोहळा रद्द करावा लागला. या निदर्शनांसाठीच 'इन्फर्नल नॉइज ब्रिगेड' हे पथक उभे राहिले होते. लष्करी संचलनाची शिस्त उचलून त्यांनी ती सत्तेच्याच विरोधात वळविली.

पितळी वाद्यांना वीज लागत नाही, ही बाब वरवर क्षुल्लक वाटते; परंतु सारे रहस्य तेथेच आहे. ध्वनिक्षेपकासाठी अनेक शहरांत परवाना लागतो, तसेच त्याचा वीजपुरवठा तोडता येतो. सूझाफोन मात्र खांद्यावर घेऊन वादक चालू लागतो. व्यासपीठ नसल्याने श्रोताही सहज मिरवणुकीत मिसळतो. (वरातीमागे नाचत जाणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.) न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत बँडमागून चालणाऱ्या अशा समुदायास 'सेकंड लाइन' म्हणतात.

या परंपरेपासून प्रेरणा घेऊन २००६ पासून मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल येथे 'हाँक' हा महोत्सव भरू लागला. त्याच्या मिरवणुकीत बँडसोबत स्थानिक सामाजिक संघटनाही चालतात. येथे उत्सवात मागणी विरून जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे; तथापि गर्दी जमल्याशिवाय मागणी ऐकणार तरी कोण?

अधिक गंभीर प्रश्न निराळाच आहे. कृष्णवर्णीय व रोमा समाजाचे संगीत मुख्यतः श्वेतवर्णीय कार्यकर्ते वाजवितात, तेव्हा रस्त्यावरील हक्क दोघांना सारखाच मिळतो काय? कॅटरिना चक्रीवादळानंतर, २००६ मध्ये, न्यू ऑर्लिन्स शहराने सेकंड लाइन मिरवणुकींच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कित्येक पटींनी वाढविले. वादळाने विस्थापित झालेल्या सभासदांच्या मंडळांना ते परवडणारे नव्हते. मंडळांनी न्यायालयात दाद मागितली आणि २००७ मध्ये तडजोड होऊन शुल्क कमी झाले. ज्यांच्याकडून ही कला जगाने घेतली, त्यांना स्वतःच्याच गल्लीतून वाजवीत जाण्यासाठी खटला लढवावा लागला.