मुक्ततेचा दाखला

वाशिमच्या शिवारात पाडव्याला ज्याचे साल ठरते, तो सालगडी आपण नित्य पाहतो. परंतु ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांत ‘लग्नगडी’ म्हणून जो मनुष्य ओळखला जाई, लग्नापुरत्या घेतलेल्या अल्प कर्जापायी ज्याचे श्रम वर्षानुवर्षे मालकाकडे गहाण पडत, त्यास गुलाम म्हणण्यास मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. संसदेने १९७६ साली वेठबिगारी नष्ट करून असली कर्जे रद्दबातल ठरविली खरी, तथापि ती मुक्ती पाड्यापर्यंत पोहोचविण्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभारावी लागली. वेठबिगार हुडकणे, त्याच्या मनातील पिढीजात भय घालविणे, सरकारदरबारी अर्ज गुदरणे आणि मुक्ततेचा दाखला पदरात पाडून घेणे, असे हे चिवट कार्य होते. १९९९ साली या दांपत्यास आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार लाभला.

मजुरीपोटी आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीस वा वीटभट्टीवर जाणे हा गुन्हा नव्हे. मात्र उचल फिटेपर्यंत मजुरास निघून जाण्याची मनाई असेल, तर ती वेठबिगारीच होय, आणि ती लादणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. असा मजूर आपल्या दृष्टीस पडल्यास, वाचकहो, जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवा.