संगणकाची गती का उतरते?

संगणक विकत घेताना त्याच्या प्रोसेसरची गती आपण आवर्जून पाहतो. जाहिरातीत '३.४ गिगाहर्ट्झपर्यंत' असे छापलेले असते. यंत्र घरी आणून त्याची चालू गती पाहावी, तर पडद्यावर कधी १.६ तर कधी ०.८ असा आकडा दिसतो. दुकानदाराने फसविले किंवा यंत्र बिघडले, असा पुष्कळांचा समज होतो आणि त्या समजापायी चांगले यंत्र मोडीतही निघते. वास्तविक बहुतेक वेळा प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करीत असतो. तो असे का करतो आणि खरा बिघाड केव्हा समजावा, याचा येथे विचार करू.

प्रोसेसरच्या कामाला विद्युत्स्पंदनांच्या घड्याळाचा ताल असतो. सेकंदाला शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. प्रत्येक ठोक्याला असंख्य ट्रान्झिस्टर उघडतात व मिटतात. ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा अतिसूक्ष्म कंडेन्सरांसारख्या वागतात. त्या भरताना व रिकाम्या होताना खर्चलेली विद्युत्ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. स्थूलमानाने हा शक्तीचा खर्च धारकता, व्होल्टेजचा वर्ग आणि घड्याळाची वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो.

येथे 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्याची टाकी जितकी उंचावर, तितकी खालची बादली लवकर भरते. त्याचप्रमाणे व्होल्टेज जितके अधिक, तितके हे कंडेन्सर लवकर भरतात. म्हणून गती वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खर्च दोन्हीकडून फुगतो. उलट, गती निम्मी केली आणि त्यामुळे व्होल्टेज १ वरून ०.८ वर आणता आले, तर शक्तीचा खर्च ०.८ × ०.८ × ०.५ म्हणजे ०.३२, जवळजवळ एक तृतीयांश होतो. कामाला दुप्पट वेळ लागला तरी या हिशेबाने एकूण ऊर्जा सुमारे ३६ टक्के वाचते. हातात फारसे काम नसताना प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर किंवा त्याहूनही खाली उतरतो, तो याच काटकसरीसाठी.

ही अडचण पूर्वी इतकी जाणवत नसे. आय.बी.एम.चे संशोधक रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखविले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले, तर ते अधिक वेगाने चालूनही दर चौरस सेंटिमीटरला होणारी उष्णता वाढत नाही. पुढील तीन दशके उद्योगाने याचा भरपूर लाभ घेतला. परंतु व्होल्टेज एका मर्यादेखाली नेल्यावर 'बंद' असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही प्रवाह झिरपू लागतो. त्यामुळे व्होल्टेज उतरेना आणि उष्णता मात्र वाढू लागली. इंटेल कंपनीने २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणला. ४ गिगाहर्ट्झचा नियोजित पेंटियम ४ मात्र त्याच वर्षी रद्द केला. त्यानंतर एकाच प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे गणन करणारे अनेक गाभे, बसविण्याकडे कल वळला.

२००८ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत 'टर्बो'ची सोय आली आणि एकाच प्रोसेसरला दोन गती मिळाल्या. २०१७ साली आलेला कोअर आय-५ ८२५०-यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर घ्या. त्याची मूळ गती १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो गती ३.४ गिगाहर्ट्झ आणि उष्णतेची नेमलेली मर्यादा १५ वॅट. याचा अर्थ असा की, चारही कोअर कामाला लागले तरी १५ वॅटच्या मर्यादेत १.६ हा वेग टिकावा, ३.४ हा वेग एखाद्या कोअरवर भार असताना आणि यंत्र थंड असताना गाठता येतो. शंभर मीटर धावण्याच्या वेगाने कोणी मॅरेथॉन पळत नाही, तसेच हे आहे. तापमान १०० अंश सेल्सिअसला पोचले, तर हा प्रोसेसर जळू नये म्हणून गती आणखी खाली आणतो.

वीजपुरवठा अपुरा पडला तरी हेच घडते. अॅपल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये आयफोन ६, ६-एस इत्यादी फोनांसाठी अशी प्रणाली दिली की, बॅटरी जुनी झाल्यास प्रोसेसर हळू चालावा आणि फोन अचानक बंद पडू नये. हेतू तांत्रिकदृष्ट्या समजण्याजोगा होता, परंतु ग्राहकांना ते स्पष्ट सांगितले नव्हते. फोन म्हातारा झाला असे समजून अनेकांनी नवा घेतला. प्रत्यक्षात बॅटरी बदलणे पुरे होते. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने हे मान्य केले, दिलगिरी व्यक्त केली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरो दंड भरावा लागला. गती कमी करणे हा दोष नव्हता. ती का कमी केली हे न सांगणे हा दोष होता.

तेव्हा आपला संगणक मंद वाटल्यास प्रथम एखादे जड काम दहा मिनिटे चालू ठेवावे आणि गती व तापमान दोन्ही पाहावे. विंडोजमधील टास्क मॅनेजर गती दाखवितो. तापमान दाखविणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. भार पडताच गती मूळ आकड्याच्या वर गेली आणि पुढेही त्याखाली उतरली नाही, तर यंत्र निरोगी समजावे. तापमान मर्यादेला भिडून गती मूळ आकड्याखाली कोसळत असेल, तर दोष थंडाव्याचा असतो: झरोक्यांत धूळ, थकलेला पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप. तापमान बेताचे असूनही गती वर चढत नसेल, तर कमी वॅटचा चार्जर, दुबळी बॅटरी किंवा वीज वाचविण्याची निवडलेली पद्धत तपासावी. यांपैकी कोणत्याही कारणासाठी नवा प्रोसेसर लागत नाही.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या लॅपटॉपचा खर्च म्हणजे घरावर पडलेला बोजा असतो. तो टाळण्यासाठी ही दहा मिनिटांची परीक्षा सोपी आहे. आणि नवे यंत्र घ्यायचेच झाले, तर खोक्यावरील 'पर्यंत' हा छोटा शब्द नीट वाचावा आणि दुकानदाराला एवढेच विचारावे: तासभर सलग काम केल्यावर याची गती किती राहते?