परसातील कोंबड्यांचे श्वसनविकार : वैद्याचे कर्तव्य आणि मर्यादा

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. स्वतःचे औषध घेऊन झाले की रुग्ण उंबऱ्यापाशी थबकतो आणि म्हणतो, "डॉक्टर, घरच्या कोंबड्या खोकतात, गळ्यात घरघर वाजते. त्यांच्यासाठीही एखादी पुडी द्या." प्रश्न किरकोळ वाटतो आणि आपणही तुळस, आले, सितोपलादी असे काहीतरी सांगून मोकळे होतो. या उत्तराची किंमत किती असू शकते हे आम्ही अनुभवाने शिकलो. म्हणूनच हा विषय येथे मांडत आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात नेहमी येणाऱ्या एका वृद्ध मातेने अशीच तक्रार सांगितली. तिच्या परसात चोवीस कोंबड्या होत्या. आम्ही कोंबड्या पाहिल्या नाहीत आणि फारसे विचारलेही नाही. कफघ्न काढा पिण्याच्या पाण्यातून देण्यास सांगितले. चौथ्या दिवशी ती पुन्हा आली. कोंबड्यांना हिरवट जुलाब सुरू झाले होते, काहींच्या माना पिळवटल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक मेल्या होत्या. उरलेल्यांपैकी धडधाकट दिसणाऱ्या पाच कोंबड्या तिने आठवडी बाजारात विकल्या होत्या. पुढील पंधरवड्यात शेजारच्या दोन वाड्यांतील खुराडी ओस पडली. तो राणीखेत, म्हणजे खेड्यातील भाषेत 'मानमोडी' होता. काढ्याने अपाय केला नाही; परंतु 'औषध चालू आहे' या समाधानात चार दिवस गेले, आणि ते चार दिवस आमच्या खात्यावर आहेत.

शास्त्राधार कोठवर?

आयुर्वेदात पशुचिकित्सेची परंपरा आहे. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद व शालिहोत्रांचे अश्वशास्त्र सर्वश्रुत आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी यांच्यासाठीही बस्तीचा विचार आला आहे. कुक्कुट मात्र संहितेत प्रामुख्याने भेटतो तो अन्नपानविधीत, विष्किर वर्गातील मांसाच्या गुणवर्णनात. तो आपल्या शास्त्रात आहार म्हणून येतो, रुग्ण म्हणून नव्हे. त्यामुळे मनुष्याच्या कास-श्वासाची चिकित्सा मात्रा कमी करून कोंबडीस लावणे, यास शास्त्राधार म्हणता येत नाही.

शरीररचनाही भिन्न आहे. पक्ष्यास मनुष्याप्रमाणे श्वासपटल नसते. त्याची फुप्फुसे फारशी प्रसरण पावत नाहीत. हवा खेळविण्याचे काम वायुकोश करतात. कोंबडीत ते सामान्यतः नऊ असतात. या कोशांना रक्तपुरवठा अल्प असल्याने तेथे साठलेल्या दोषापर्यंत औषध कष्टाने पोचते. श्वासनलिकेचे मुख जिभेच्या मुळाशी उघडे असते, म्हणून चोचीत बळेच ओतलेला काढा सरळ श्वासमार्गात जाऊ शकतो. नस्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

एक लक्षण, अनेक व्याधी

घरघर हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. ते ऐकण्याची उत्तम वेळ रात्रीची. अंधार पडून कोंबड्या स्थिरावल्यावर खुराड्याजवळ दोन मिनिटे शांत उभे राहिल्यास किती पक्ष्यांचा श्वास वाजतो हे कळते. त्यानंतर पुढील भेद लक्षात घ्यावेत.

एखाद-दुसरी कोंबडी दीर्घकाळ घरघरत असेल, नाकातून स्राव असेल, वजन व अंडी घटत असतील आणि मरतुक अल्प असेल, तर मायकोप्लाझ्माजन्य जीर्ण श्वसनरोगाचा संशय घ्यावा. हा अंड्यावाटे पिलांतही उतरतो. चेहरा व डोळ्यांखालील भाग सुजून नाकातून दुर्गंधी स्राव येत असल्यास कोरायझा संभवतो. श्वासाबरोबर अंड्याचे कवच वेडेवाकडे वा पातळ होऊ लागल्यास सांसर्गिक ब्राँकायटिस आठवावा. खोकताना रक्तमिश्रित कफ पडल्यास स्वरयंत्र व श्वासनलिकेचा विषाणुजन्य दाह असू शकतो. लहान पिले धापा टाकत असतील तर खाली अंथरलेले तूस बुरशीचे आहे काय हे प्रथम पाहावे. मान ताणून, चोच उघडून श्वास घेणाऱ्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत कृमीही सापडतात.

घरघरीबरोबर हिरवट जुलाब, लुळे पंख व पिळवटलेली मान दिसल्यास राणीखेत समजून चालावे. अकस्मात मोठी मरतुक, तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग उमटणे ही बर्ड फ्लूची लक्षणे होत. मात्र ती नेहमी सर्व दिसतातच असे नाही आणि केवळ डोळ्यांनी या दोन रोगांचा भेद निश्चित करता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही तो आढळला. त्यामुळे 'आपल्याकडे असे काही होत नाही' असे महाराष्ट्रातील वैद्यास म्हणता येत नाही.

काय सांगावे?

निदानपरिवर्जन हीच येथे मुख्य चिकित्सा होय. आजारी पक्षी तत्काळ वेगळा ठेवावा. त्याचे दाणा-पाणी निराळे असावे आणि त्याची देखभाल निरोगी पक्ष्यांनंतर करावी. बाजारातून आणलेला पक्षी किमान दोन आठवडे कळपात मिसळू नये. खुराड्यात कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्यावा. विष्ठेच्या उग्र वासाने आपले डोळे चुरचुरले, तर अहोरात्र तेथे राहणाऱ्या पक्ष्याची अवस्था वेगळी सांगणे नको. तूस कोरडे ठेवावे आणि वारा खेळता असावा, परंतु झोत अंगावर येऊ नये.

तुळस, आले, हळद यांचे सौम्य जल ज्या घरी द्यावयाचे असेल तेथे ते बल्य व सहायक म्हणूनच द्यावे. ते रोज ताजे करावे आणि शेजारी साधे पाणी अवश्य ठेवावे. चव न रुचल्यास पक्षी पाणीच कमी पितो आणि हानी दुप्पट होते. 'याने रोग जाईल' हे वाक्य मात्र उच्चारू नये.

राणीखेतवर खरा उपाय लस हाच आहे. पिलांस पहिल्या आठवड्यात लासोटा वा एफ-वन लसीचा थेंब डोळ्यात अथवा नाकपुडीत देतात आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचतात. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि मिसळल्यानंतर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असल्याने दहा कोंबड्यांच्या मालकास ती परवडत नाही. पाच-सात घरांनी मिळून एकाच सकाळी लसीकरण करून घेतले की ही अडचण सुटते. असा मेळ घालून देणे हे गावातील वैद्यास सहज साध्य आहे, आणि आमच्या मते कोणत्याही काढ्याहून मोलाचे आहे.

काय टाळावे?

पक्षी आत असताना गुग्गुळ-निंबाचे धूपन करू नये. धूर त्यांच्या वायुकोशांस बाधतो. धूपन रिकाम्या, झाडलेल्या खुराड्यातच करावे. ताम्र, हरताळ, पारद यांचे कल्प अंडी देणाऱ्या पक्ष्यास कदापि देऊ नयेत. पिवळा बलक शेवटचे सुमारे दहा दिवस झपाट्याने वाढतो. त्या काळात पक्ष्याच्या शरीरात गेलेले द्रव्य अंड्यात उतरू शकते आणि ते अंडे घरातील बालकाच्या ताटात जाते.

औषधविक्रेत्यांनी माणसाच्या प्रतिजैविक गोळ्या 'अर्धी-पाव' करून कोंबड्यांसाठी देऊ नयेत. कोलिस्टिनचा अन्नोत्पादक पशुपक्ष्यांतील वापर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये प्रतिबंधित केला, यामागील कारण हेच की शेवटच्या फळीची औषधे माणसासाठी शिल्लक राहावीत.

कायदा आणि आपली भूमिका

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर पशूंचाही उल्लेख आहे. म्हणून पशूंसाठी आयुर्वेदिक औषध बनविता व विकता येते. परंतु पशुचिकित्सेचा व्यवसाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी राखलेला आहे. औषधाची मुभा म्हणजे चिकित्सेचा अधिकार नव्हे, हा भेद आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून सुटतो. तसेच २००९ च्या पशुरोग प्रतिबंध अधिनियमानुसार अनुसूचित रोगाचा संशय आल्यास पशुपालकाने कळविणे बंधनकारक आहे. राणीखेत व बर्ड फ्लू दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही, ही गोष्ट पशुपालकास समजावून सांगितली की लपवाछपवी कमी होते.

शेवटी आपल्या मूळ कर्तव्याकडे वळू. आपण माणसांचे वैद्य आहोत. २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणातील एका बालकाचा बर्ड फ्लूने दिल्लीत मृत्यू झाला. भारतातील मानवी मृत्यूची ती पहिली नोंद. म्हणून ज्वर, कास व श्वास घेऊन येणाऱ्या ग्रामीण रुग्णास 'घरी कोंबड्या मेल्या का?' हा प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णास विनाविलंब शासकीय रुग्णालयात पाठवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मृत पक्षी उघड्या हातांनी हाताळू नयेत, खाऊ नयेत, विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावेत. जनपदोद्ध्वंसाचे वर्णन करताना चरकाचार्यांनी विकृत देशाच्या लक्षणांत व्याकूळ झालेल्या पशुपक्ष्यांचाही समावेश केला आहे. पक्ष्यांकडे पाहून माणसांवरील संकट ओळखावे, ही दृष्टी आपल्याला वारशाने मिळालेली आहे.

त्या वृद्ध मातेने पुढील वर्षी पुन्हा आठ पिले पाळली. या वेळी आम्ही पुडी दिली नाही; शेजारच्या सहा घरांसह लसीकरणाचा दिवस ठरवून दिला. उंबऱ्यापाशी थबकून विचारलेल्या प्रश्नास प्रत्येक वेळी औषधाचेच उत्तर द्यावे लागत नाही, एवढे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे, ही नम्र विनंती.