जुनी जिप्सी ‘मिसिंग’ मारतेय? पार्ट बदलत बसण्याआधी दोष कुठे आहे ते असं शोधा

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. पहिल्या गिअरवर उचलताना दोन-तीन गचके देते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला तरी जीव नसल्यासारखी चालते. गॅरेजमध्ये नेली की बॉनेट उघडण्याआधीच उत्तर मिळतं, “साहेब, मिसिंग मारतेय. प्लग टाकू नवीन.”

प्लग बदलले जातात. चार दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग प्लगच्या वायरी, मग कॉईल, मग कार्ब्युरेटरची सर्व्हिस. बिल वाढत जातं, पण मिसिंग जात नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये जुनी पेट्रोल जिप्सी किंवा जीप हौसेने सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एकामागून एक पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे, तो अंदाज असतो. मिसिंगचं निदान करण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि त्यातल्या बऱ्याच तपासण्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो. म्हणजे ८०० आरपीएमवर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चारही मिळून १,६०० वेळा पेटतात. यातले काही स्फोट झालेच नाहीत किंवा अर्धवट झाले, की इंजिनाची लय तुटते. यालाच इंग्रजीत मिसफायर आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात.

सिलिंडर नीट पेटायला तीन गोष्टी लागतात. वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारं कॉम्प्रेशन. मिसिंगचं प्रत्येक कारण या तिन्हींपैकी कशात तरी असतं. यातलं काय बिघडलंय, एवढंच शोधायचं असतं.

गाडी कोणती, हे आधी का बघायचं?

मारुती जिप्सी भारतात १९८५ मध्ये आली, ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ मध्ये १,२९८ सीसीची ‘जिप्सी किंग’ आली. तोपर्यंत गाडीला कार्ब्युरेटर होता. २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवालं इंजिन आलं. त्यामुळे ‘जुनी जिप्सी’ म्हणताना कार्ब्युरेटरवाली की इंजेक्टरवाली, हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जीपचं मुंबईशी नातं त्याहून जुनं आहे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कांदिवलीत कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. मात्र महिंद्राच्या नंतरच्या बहुतेक जीप डिझेलवरच्या आहेत. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. तिथे इंजेक्टर, डिझेल पंप आणि लाइनमध्ये शिरलेली हवा बघावी लागते. इथे बोलणं आहे ते पेट्रोल गाड्यांबद्दल.

स्कॅनर लावून काम होईल, अशी अपेक्षाही ठेवू नये. प्रत्येक सिलिंडरचं मिसिंग पकडून कोड दाखवणारी यंत्रणा भारतात साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत सर्रास आली. त्याआधीच्या गाडीचं निदान डोळे, कान आणि मल्टिमीटरनेच करावं लागतं.

पहिली पायरी : मिसिंग ‘कधी’ होतं?

मेकॅनिकला ‘गाडी मिसिंग मारते’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं नाही’ एवढंच सांगणं. आठवडाभर नोंद ठेवली, तर कारणांची यादी निम्मी होते.

• फक्त पावसात किंवा दमट सकाळी : प्लग वायर, डिस्ट्रीब्युटर म्हणजे ‘डेल्को’ची कॅप किंवा कॉईलमधून करंट गळतोय.
• चढावर किंवा जोर लावताना : कमजोर ठिणगी किंवा अपुरं पेट्रोल.
• फक्त उभ्या गाडीत, वेग घेतला की बरं : व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेक गास्केटमधून जास्तीची हवा शिरतेय, किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.
• तासभर ट्रॅफिकमध्ये तापल्यावर : तापून दगा देणारी कॉईल, किंवा गरम लाइनमध्ये वाफ होणारं पेट्रोल.
• खड्ड्यात आदळल्यावर : सैल कनेक्शन, खराब अर्थिंग.
• ऑफ-रोडवर तिरक्या उतारावर : कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी. गाडी कलली की पेट्रोलही कलतं. मग इंजिनाला एक तर पेट्रोल कमी पडतं किंवा जास्त होतं.

दुसरी पायरी : सिलिंडर शोधा

इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची आणि आवाज ऐकायचा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळतं. ज्या सिलिंडरची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच झोपलेला असतो.

ही तपासणी सांभाळून करावी लागते. वायरमधून २०,००० व्होल्टच्या वर करंट जातो, त्यामुळे इन्सुलेटेड पक्कड हवी आणि काढलेली वायर नीट अर्थ करायला हवी. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने जवळही जाऊ नये. इंजेक्टरवाल्या गाडीत प्लगच्या वायरीऐवजी इंजेक्टरचं सॉकेट काढणं योग्य. नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो.

एकच सिलिंडर सापडला, तर दोष त्याच्या प्लग, वायर, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. मिसिंग चारही सिलिंडरमध्ये फिरत असेल, तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात आहे. म्हणजे कॉईल, रोटर, पेट्रोल पंप, फिल्टर, टायमिंग किंवा अर्थिंग.

तिसरी पायरी : प्लग फेकू नका, वाचा

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे ठिणगी पडतच नाही. तेलकट प्लग म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. पांढरट, भाजलेलं टोक म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

नवे प्लग टाकल्यावर गाडी ‘चार दिवस बरी’ का चालते, तेही इथे कळतं. स्वच्छ प्लग कमजोर ठिणगीवरही काही दिवस काम करतो. त्यावर काजळी किंवा ऑइल चढलं की मूळ दोष पुन्हा वर येतो.

चौथी पायरी : अदलाबदल

नवीन पार्ट आणण्याआधी गाडीतलाच पार्ट हलवून बघावा. दोन नंबरचा सिलिंडर झोपला असेल, तर त्याचा प्लग तीन नंबरला लावायचा. मिसिंग तीन नंबरला गेलं, तर प्लग खराब. दोन नंबरलाच राहिलं, तर प्लग निर्दोष. वायरीची लांबी पुरत असेल तर तिचीही अशीच परीक्षा घेता येते. नाहीतर मल्टिमीटरने चारही वायरींचा रेझिस्टन्स मोजायचा. एकीचा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा आला, तर दोषी तीच.

वायरी परत लावताना क्रम चुकवू नये. या इंजिनांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली, तर आधीचा दोष बाजूलाच राहतो आणि नवं मिसिंग सुरू होतं.

पावसाळ्यातलं मिसिंग आणि अंधारातली परीक्षा

मुंबईत जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते. वर अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचणारं पाणी. डेल्कोच्या कॅपला केसाएवढी चीर असली, तरी ओलाव्यामुळे करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच बॉडीवर उतरतो. ऑफ-रोडवर ओढा पार करून आलेल्या गाडीत हे हमखास दिसतं.

हे पकडायची युक्ती जुनीच आहे. रात्री अंधाऱ्या जागी इंजिन चालू ठेवून वायरी आणि कॅपवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. करंट गळत असेल, तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात आणि कपडे मात्र पंखा आणि बेल्टपासून दूर ठेवावेत. कॅप उघडून आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी काळी रेषा दिसली, तर पुसून भागत नाही. कॅप बदलावीच लागते.

पेट्रोल बदललंय, गाडी तीच आहे

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्टरवाली गाडी हा फरक काही प्रमाणात सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला तो कळत नाही. जेटमधून तेवढंच द्रव जातं आणि मिश्रण पातळ पडतं. आधीच काठावर असलेली गाडी मग मिसिंग मारू लागते.

इथेनॉल पाणीही ओढून घेतं. महिनोन् महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ओलावा आणि गंज दोन्ही वाढतात. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गास्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केलं आहे. म्हणून मिसिंग शोधताना पेट्रोलचे पाइपही बोटाने दाबून बघावेत. चिरलेला किंवा पाझरणारा पाइप आणि गळणारा करंट एकाच बॉनेटखाली असतील, तर मिसिंग ही फार लहान अडचण ठरते. तिथे आगीचा धोका असतो.

शेवटची पायरी, जी सहसा वगळली जाते

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही सिलिंडर झोपलेलाच असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करावी लागते. प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवतात आणि चारही आकड्यांची तुलना करतात. एक आकडा बराच कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला, तर रिंग झिजल्या आहेत. नाही वाढला, तर व्हॉल्व्हचा दोष. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडले, तर हेड गास्केट गेल्याची शक्यता मोठी.

इथे घाबरून लगेच इंजिन खोलू नये. टॅपेट फार घट्ट असले तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. टॅपेट ॲडजस्ट करता येत असतील, तर आधी ते बघावेत. टायमिंग बेल्ट एक दात सरकला असेल, तरीही चारही आकडे खाली येतात.

पीयूसीची पावती काय सांगते?

घरातच एक फुकटचा रिपोर्ट पडलेला असतो. पीयूसीच्या पावतीवर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. एचसी खूप जास्त आणि सीओ साधारण असेल, तर सिलिंडर पेटत नाही, म्हणजे ठिणगी किंवा पातळ मिश्रणाचा दोष. दोन्ही जास्त असतील, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे.

जुन्या गाडीसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. १५ वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी अंधेरीचं एमएच-०२, बोरिवलीचं एमएच-४७ किंवा पूर्व उपनगरांसाठी वडाळ्याचं एमएच-०३ आरटीओ गाठावं लागतं. २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं. एवढं भरून ठेवलेली गाडी मिसिंगमुळे पीयूसीत अडकणं कुणालाच परवडणारं नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

तीन प्रश्न पुरे आहेत. कोणता सिलिंडर झोपलाय? तो कसा शोधला? हा पार्ट खराब आहे हे कशावरून? उत्तर मिळालं, तर खुशाल पार्ट बदलावा. ‘बदलून बघू’ हे उत्तर मिळालं, तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगावी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना पार्ट आणायचा असेल, तरी नेमका कोणता, हे त्याशिवाय ठरत नाही.

आणि दोष सापडेपर्यंत गाडी घाटात किंवा साचलेल्या पाण्यात घालू नये. मिसिंग मारणारं इंजिन बंद पडतं ते बहुतेक वेळा जोर लावावा लागतो तेव्हाच.