घरामागच्या कुटाराच्या खोलीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ कसा करायचा?

वर्धा जिल्ह्यात बऱ्याच घरांच्या मागे एक तरी खोली रिकामी पडलेली असते. कुठे कुटार भरायची खोली, कुठे बैल विकल्यापासून ओस पडलेला गोठा, कुठे कापूस ठेवायचं टिनाचं शेड. अशा खोलीत गाणं रेकॉर्ड करता येतं का? येतं. पण त्यासाठी आधी माइक विकत घ्यायचा नसतो. आधी खोलीकडे बघायचं असतं.

मी हे काम का केलं ते दोन ओळींत सांगतो. आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरीवर म्हणणारे जुने लोक आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यातले दोघं गेले. त्यांच्या आवाजाचं जे काही उरलं ते मोबाइलमध्ये, आणि त्यात गाण्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. उरलेल्यांना नागपूरच्या स्टुडिओत न्यायचं म्हणजे ७५-८० किलोमीटरचा प्रवास, तासाचं भाडं आणि अनोळखी काचेमागे बसून गाणं. तिथे त्यांचा आवाज मोकळा होत नाही. म्हणून खोलीच त्यांच्याकडे आणली.

स्टुडिओ म्हणजे मोठी इमारतच हवी असं काही नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं ते हॉटेलच्या खोलीत. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन कंपनी एका साध्या घरात सुरू झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला. तेव्हा जागा लहान आहे ही अडचण नाही. जागा कशी वागते हे कळलं पाहिजे.

आधी हा फरक समजून घ्या

लोक ‘साउंडप्रूफ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात आणि तिथेच पैसे वाया जातात.

पहिलं काम म्हणजे आवाज अडवणं. बाहेरचा ट्रॅक्टर आत येऊ नये, आतली ढोलकी शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये. यासाठी वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात.

दुसरं काम म्हणजे आवाज शोषणं. आत गायलेला आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये जाऊ नये. यासाठी जाड, मऊ, हवा आत शिरू देणारा माल लागतो.

एका कामाचा माल दुसऱ्या कामाला जवळजवळ उपयोगी पडत नाही. भिंतीला फोम चिकटवला म्हणून ट्रॅक्टर थांबत नाही. विटांची भिंत ट्रॅक्टर थांबवते, पण आत आवाज घुमवते.

पायरी १: खोली ऐका

खोलीत काहीही करण्याआधी मोबाइल मधोमध ठेवून एक एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. पहाटे ५ ला, दुपारी २ ला, संध्याकाळी ७ ला आणि रात्री १० ला. मग हेडफोन लावून ऐका आणि काय काय ऐकू येतं ते वहीत लिहा.

आपल्याकडे यादी साधारण ठरलेली असते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मोठे रेल्वेमार्ग वर्धा-सेवाग्राम भागातून जातात, त्यामुळे रुळाजवळच्या गावात गाडीची घरघर जमिनीतूनही येते. शिवाय मोटरपंप, शेजारचा कूलर, मंदिराचा भोंगा आणि पावसाळ्यात टिनावरचा पाऊस.

ही यादी महत्त्वाची आहे. दिवसातून चार वेळा जाणाऱ्या गाडीसाठी लाखभर खर्च करायची गरज नाही, गाडी गेल्यावर गाणं पुन्हा घेता येतं. सतत चालणारा आवाज मात्र अडवावाच लागतो.

पायरी २: छप्पर

भिंत नऊ इंची विटांची आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल तर ती ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. तिला हात लावायची गरज नाही. जुन्या मातीच्या जाड भिंती असतील तर नशीबच समजा. त्या जड असतात, आवाजही अडवतात आणि उन्हाळ्यात खोली लवकर तापू देत नाहीत. सेवाग्रामच्या बापूकुटीत मे महिन्यात बसून बघा म्हणजे कळेल.

खरा घोळ छपरात असतो. नऊ इंची भिंतीचं वजन चौरस मीटरला ४०० किलोच्या घरात जातं. अर्धा मिलिमीटर टिनाचं वजन ४ किलो. भिंतीच्या शंभराव्या भागाएवढं! सगळा आवाज वरून येणार हे उघड आहे. कवेलू असतील तर त्यांच्यामधल्या फटींतून येणार.

उपाय असा. टिनाच्या खाली स्वतंत्र छत करा. दोन्ही भिंतींवर लोखंडी चौकोनी पाइप टेकवा, टेकण्याच्या जागी रबराचे तुकडे ठेवा. त्या पाइपांना खालून १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर लावा आणि पहिल्या थराचे सांधे दुसऱ्या थराने झाकले जातील असं बघा. वरच्या पोकळीत रॉकवूल अंथरा. कडेची फट लवचीक सीलंटने भरा.

यात एक गोष्ट विसरू नका. १० बाय १२ फुटांच्या खोलीत अशा दुहेरी थराचं वजन २०० किलोच्या आसपास होतं. ते टिनाच्या जुन्या लाकडी बल्ल्यांना टांगायचं नाही. बल्ली वाळवीने पोकळ झालेली असू शकते. पाइपाची जाडी आणि भिंतीची ताकद जाणत्या मिस्त्रीकडून बघून घ्या. टिन आणि नवीन छत यांच्यात हवा खेळती ठेवा आणि टिनाला वरून पांढरा रंग द्या, म्हणजे उष्णता खाली कमी उतरते.

एवढं करूनही श्रावणातली जोराची सर थोडी ऐकू येतेच. त्या दिवशी चहा करायचा, रेकॉर्डिंग नाही.

पायरी ३: दार

दारासाठी एक साधा हिशेब. दार ७ बाय ३ फूट, म्हणजे २१ चौरस फूट. खाली अर्ध्या इंचाची फट. ती फट दाराच्या क्षेत्रफळाच्या फक्त ०.६ टक्के आहे. पण तेवढ्या फटीमुळे ते दार २२ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवूच शकत नाही, मग ते सागवानाचं असो की लोखंडाचं.

म्हणून भारी दार घेण्याआधी उंबरठा बसवा आणि चौकटीला चारही बाजूंनी रबराची पट्टी लावा. ओळखायची युक्ती सोपी आहे. रात्री खोलीत दिवा लावून बाहेर उभे राहा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. खिडकी नको असेल तर विटांनी बुजवा. हवी असेल तर मध्ये चार-पाच इंच अंतर ठेवून दोन वेगवेगळ्या जाडीच्या काचा बसवा.

पायरी ४: आतला घुमारा

आता दुसरं काम. लहान खोलीत खालचे सूर एका ठरावीक जागी फुगतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर असेल, तर आवाजाचा वेग भागिले अंतराची दुप्पट, म्हणजे ३४३ ÷ ६.१ = ५६ हर्ट्झ. १२ फुटांना ४७ आणि ९ फुटांच्या उंचीला ६३ हर्ट्झ येतात. तिन्ही आकडे वेगळे आहेत म्हणून ही खोली बरी. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १० फूट असती तर तिन्ही फुगवटे ५६ वरच आले असते आणि डग्गा कितीही चांगला वाजवला तरी भांडं आपटल्यासारखा वाटला असता. छताची उंची तुमच्या हातात असते, तेव्हा ती ठरवताना हा हिशेब करून घ्या.

अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला सगळेच देतात. लावू नका. पातळ कागदी लगदा फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज थोडे कमी करतो, खालचा घुमारा तसाच राहतो. खोली मंद वाटते पण सुधारत नाही, आणि ठिणगी पडली तर पेटते. थर्माकोलही नको, त्यात हवा शिरतच नाही.

माल निवडायची कसोटी अशी: तोंड लावून फुंकर मारा. हवा थोडा अडथळा होऊन पलीकडे गेली पाहिजे. रॉकवूल या कसोटीला उतरतं. आपल्या हिंगणघाट-वर्धा पट्ट्यातला कापूसही उतरतो. जुन्या कापसाच्या गाद्या आणि रजया कामाच्या आहेत. फक्त त्या वायरींपासून लांब ठेवा, आणि ओल व उंदीर यांच्याकडे लक्ष ठेवा.

चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनेल लाकडी चौकटीत भरून वरून कापड ताणा. भिंतीला चिकटवू नका, चार इंच पुढे ठेवा. तेवढ्याच मालात ते जास्त खालचे सूर शोषतं. सगळ्यात जाड माल कोपऱ्यांत जाऊ द्या, कारण खालचे सूर तिथेच साचतात. सगळ्या भिंती झाकायच्या नाहीत. निम्म्या उघड्या राहू द्या, नाहीतर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मेल्यासारखा वाटतो आणि तो ओरडायला लागतो.

आणखी एक. गाण्याचे बहुतेक माइक समोरचा आवाज घेतात, मागचा टाळतात. माइकच्या समोर कोण असतं? गाणारा आणि त्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून एकच रजई असेल तर ती गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा.

पायरी ५: ऊन, हवा आणि वीज

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बंद खोलीत वयस्क माणसाला बसवायचं तर हा आरोग्याचा प्रश्न आहे. कूलर आत चालणार नाही. आवाज तर करतोच, पण दमटपणाने तबल्याची पुडी उतरते आणि कंडेन्सर माइक खराब होतो. जमत असेल तर स्प्लिट एसी लावा, बाहेरचं युनिट भिंतीला न ठोकता जमिनीवरच्या स्टँडवर ठेवा. खोली आधी थंड करा आणि गाणं चालू असताना एसी बंद ठेवा. एसी नसेल तर पहाटे ५ ते ८ ही वेळ धरा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडायचंच, कारण हवाबंद खोलीत चार माणसांना ताजी हवा पुरत नाही.

विजेसाठी घराच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि नीट अर्थिंग घ्या. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा. रेकॉर्डिंगमध्ये ‘हम्म’ असा बारीक आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष वीजपुरवठ्याकडचा आहे. तो घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, जिवावर बेतेल. इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा घ्या.

पायरी ६: आता सामान

सुरुवातीला एवढं पुरतं: दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एक माइक, स्टँड, पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. खोली अजून पूर्ण झाली नसेल तर डायनॅमिक माइक घ्या, तो जवळचा आवाज घेतो आणि खोलीचे दोष कमी पकडतो. खोली जमली की कंडेन्सर. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. वापर झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि सुरुवातीला भरपूर आहे. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवा. कमी पातळी नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज शिवता येत नाही. दोन ट्रॅकचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं.

भजनी मंडळ असेल तर प्रत्येकाला माइक देत बसू नका. गोल बसवा, गाणारा माइकपासून हातभर अंतरावर, पेटी त्याच्या मागे, आणि टाळ सगळ्यात लांब, दाराजवळ. टाळ सगळ्यांवर मात करतो. आवाजाचा तोल बटणाने साधण्यापेक्षा बसण्याच्या जागेने साधा.

पैसे कोणत्या क्रमाने?

दर गावागणिक बदलतात, म्हणून रक्कम सांगत नाही, क्रम सांगतो. आधी वीज आणि अर्थिंग. मग दाराच्या फटी. मग छत. मग कोपरे आणि पॅनेल. सगळ्यात शेवटी महागडा माइक. चांगल्या खोलीतला साधा माइक हा वाईट खोलीतल्या महाग माइकपेक्षा केव्हाही बरा. रात्री १० नंतर वाजवणार असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

आणि खोली पूर्ण होईपर्यंत थांबू नका. ज्यांचा आवाज जपायचा आहे ते सत्तर-ऐंशीचे असतील तर आजच गाद्या टांगा, पंखा बंद करा आणि पहाटे रेकॉर्ड करा. सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव, तारीख आणि हे गाणं कोणाकडून शिकले ते बोलून घ्या. इंटरनेटवर टाकायचं असेल तर त्यांना विचारा, त्यांचं ‘हो’ही त्याच रेकॉर्डिंगमध्ये ठेवा. फाइलच्या दोन प्रती करा आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. छत पुढच्या हंगामात कापूस विकल्यावरही करता येईल.